क्लायंबरचा फक्त खालचा प्लॅटफॉर्म सॅडलसोबत कोणी वापरतंय का?

पानगळ | 3 डिसेंबर, 22:14

मिशिगनमध्ये राहतो, धनुष्याने हरणाची शिकार करायला लागून सहा सीझन झाले, त्यातले शेवटचे दोन सॅडलवर. ट्रीस्टँडवर जुना धागा सापडला नाही म्हणून नवीन काढतोय. विचारायचंही आहे आणि सांगायचंही आहे, आणि सांगायचं आहे ते जरा गंभीर आहे म्हणून सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे मचाण असतं तसं इथे झाडाला लावायचं तयार मचाण मिळतं. त्यातला क्लायंबर दोन तुकड्यांचा असतो, वरचा बसायचा आणि खालचा उभं राहायचा, आणि दोन्हींची केबल खोडाच्या मागून वेढा घालून येते. वरच्यावर बसून पायांनी खालचा उचलायचा, मग खालच्यावर उभं राहून वरचा सरकवायचा, सुरवंट जसा चालतो तसं. सॅडल म्हणजे कमरेपासून मांडीपर्यंत येणारा पट्ट्यांचा झोळीसारखा प्रकार, त्याच्या पुढच्या दोरीला ब्रिज म्हणतात, तो ब्रिज खोडाला बांधलेल्या दोराला, म्हणजे टेदरला, अडकवायचा आणि झाडाकडे तोंड करून मागे रेलून बसायचं. पायाखाली छोटा प्लॅटफॉर्म लागतो, सॅडलवाले सहसा दोन-तीन पौंडांचा घेतात आणि चढायला स्टिक, म्हणजे खोडाला पट्ट्याने बांधायच्या छोट्या शिड्या, वापरतात.

माझ्याकडे जुना क्लायंबर पडून होता, अख्खा वीस पौंडांचा. वाटलं वरचा भाग घरी ठेवू, खालचाच नेऊ, स्टिक नकोत, चढायचं काम पण तोच करेल आणि वर पोचल्यावर पाय ठेवायला ऐसपैस जागा. माझे पाय सपाट आहेत, छोट्या प्लॅटफॉर्मच्या कडेवर तीन तास उभं राहिलं की तळवे असे दुखायचे की परत येताना गाडीचा ब्रेक दाबवत नसे.

आणि खरंच जमतं हो. टेदर डोक्याच्या वर घट्ट करायचा, सॅडलमध्ये बसायचं, पाय प्लॅटफॉर्मच्या पट्ट्यांत अडकवलेले असतात, गुडघे वर घेऊन प्लॅटफॉर्म जरा तिरका करून फूटभर उचलायचा, टाचा दाबून रोवायचा, उभं राहायचं, टेदर वर सरकवायचा, पुन्हा बसायचं. लाइनमन रोप, म्हणजे कमरेतून खोडाभोवती जाणारा आधाराचा दोर, पूर्ण वेळ लावलेला. अठरा फुटांना मला वीस मिनिटं लागतात आणि पोटाचे स्नायू दुसऱ्या दिवशी बोलतात, पण जमतं.

आता गंभीर भाग. 9 नोव्हेंबरची गोष्ट, सरकारी जमीन, आदल्या रात्री बारीक बर्फ आणि पाऊस मिसळून पडलेला. मी एका अ‍ॅस्पेनवर साडेसतरा-अठरा फुटांवर होतो. अ‍ॅस्पेनची साल मुळातच गुळगुळीत, त्यात ओली. साडेआठच्या सुमारास माझ्या उजव्या मागच्या बाजूने पानांचा आवाज आला म्हणून मी अगदी हळू वळायला लागलो, म्हणजे डावा पाय खोडाच्या अगदी जवळ घेतला आणि अंगाचं वजन टेदरवर टाकून उजवा पाय उचलला. प्लॅटफॉर्म एका बाजूने फिरला. ‘कट्’ असा एकच आवाज आला आणि पायाखाली काहीच नाही. टेदरला ढील नव्हती म्हणून मी पडलो नाही, फक्त खोडावर आपटलो, गुडघा आणि हनुवटी सोलली. प्लॅटफॉर्म चारेक फूट खाली घसरून तिरका अडकून बसला. मी तो दोरीने स्वतःला बांधून ठेवला नव्हता, ही माझी चूक, आणि केबलशिवाय वेगळा पट्टा मारला नव्हता, ही दुसरी.

खाली कसा आलो ते सांगतो कारण ते कोणाला तरी उपयोगी पडेल. खोडाला मांड्यांनी आवळून धरायचं, लाइनमन रोप वीतभर खाली, मग टेदर वीतभर खाली, पुन्हा लाइनमन. चार फूट उतरायला वीस मिनिटं. पाय प्लॅटफॉर्मला लागला तेव्हा हात इतके थरथरत होते की बकल उघडेना.

दोष कंपनीचा नाही. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की दोन्ही भाग एकत्रच वापरा. मी अर्धा वापरला. प्रश्न असा की यातून मार्ग काढून कोणी नीट वापरतंय का, की हा नादच सोडावा?

स्टिकवाला | 3 डिसेंबर, 23:02

बापरे. आधी हे सांगा की तुम्ही आता ठीक आहात ना? गुडघा दाखवला का डॉक्टरला?

आणि माझं मत विचाराल तर सोडा. चार हलक्या स्टिक आणि एक छोटा प्लॅटफॉर्म मिळून दहा-बारा पौंडांत काम होतं आणि दोन्ही वस्तू त्याच कामासाठी बनवलेल्या असतात. क्लायंबरला सरळसोट, फांद्या नसलेलंच झाड लागतं. सॅडलची सगळी मजाच ही की वाकडं, फाटे फुटलेलं, कोणाच्या डोळ्यात न भरणारं झाड निवडता येतं. ती मजा घालवून तुम्ही वजनही वाढवताय.

पानगळ | 3 डिसेंबर, 23:20

गुडघा ठीक आहे, एक्सरे काढला, फक्त मार. धन्यवाद विचारल्याबद्दल.

झाडाचं बरोबर आहे पण मी जातो तिथे रेड पाइनची लागवड आहे, ओळीने लावलेली, वीस-पंचवीस फुटांपर्यंत एक फांदी नाही, आणि बाकी अ‍ॅस्पेन. स्क्रूचे खुंटे इथे सरकारी जमिनीवर चालत नाहीत, सालीच्या आत जाणारं काहीही चालत नाही. त्यामुळे स्टिक किंवा क्लायंबर हेच पर्याय. पण मला खरं कारण पायांचं आहे.

पाइनबन | 4 डिसेंबर, 07:41

नॉर्थ कॅरोलायना. मी तीन सीझन हेच करतोय म्हणून लिहितो, आणि तुमचं जे झालं ते का झालं ते मला कळतंय.

क्लायंबरचा प्लॅटफॉर्म खोडाला चिकटतो तो वजनाच्या तरफेमुळे. तुम्ही बाहेरच्या टोकाकडे उभे राहता, त्यामुळे आतली दातेरी पट्टी पुढून खोडात दाबली जाते आणि मागची केबल मागून आवळली जाते. बाहेर वजन आहे तोवर पकड. आता सॅडलमध्ये काय होतं बघा, एक तर निम्मं वजन टेदरवर गेलेलं असतं, आणि मागे रेलल्यामुळे तुमचे पाय प्लॅटफॉर्मला झाडाकडे ढकलतात, म्हणजे मागची केबल सैल होते. त्यात तुम्ही पाय खोडाजवळ घेतला, म्हणजे तरफच संपली. आणि वजन एका कोपऱ्यावर. ओली अ‍ॅस्पेन. फिरणारच तो.

मी काय करतो: पोचलो की बाहेरच्या टोकावर दोन-तीनदा जोर देऊन रोवतो, मग एक कॅम बकलचा पट्टा प्लॅटफॉर्मच्या आतल्या भागातून घेऊन खोडाभोवती खेचून बांधतो, केबलच्या बरोबर उलट्या ताणाने, म्हणजे पट्टा प्लॅटफॉर्मला खोडाला लावून खाली ओढतो. रॅचेट (दातेरी चाकाने आवळायचं बकल) नको, टकटक आवाज करतं आणि थंडीत बोटं सोलतात. तो पट्टा बसला की एका पायावर नाचलात तरी हलत नाही.

दुसरं, निघतानाच बाहेरचं टोक वर उचललेलं ठेवा. झाड वर निमुळतं होत जातं, केबलचा फेर तोच राहतो, म्हणून प्लॅटफॉर्म वर जाता जाता बाहेरून झुकत जातो. जमिनीवर सपाट लावलात तर अठरा फुटांवर घसरगुंडी होते. आमच्याकडे लॉब्लॉली पाइनवर मी चांगला चार बोटं वर ठेवून सुरू करतो. त्या झाडाची एक वेगळी कटकट म्हणजे सालीचे खपले, दात रुतले की खपला निघून खाली पडतो आणि सगळ्या रानाला कळतं. चढायच्या आधी हाताने तेवढ्या पट्ट्यातले सैल खपले काढून टाकतो.

कातळकडा | 4 डिसेंबर, 10:15

मी शिकारीतला नाही, पुण्याचा, सह्याद्रीत सुळके चढणारा. पण दोराचं बोलणं चाललंय म्हणून राहवलं नाही.

पानगळ, तुम्ही वाचलात कारण टेदरला ढील नव्हती. एवढं एक वाक्य सगळ्यांनी लिहून ठेवा. तुमचा सॅडल म्हणजे पूर्ण अंगाचा हार्नेस नाही, तो पडणं थांबवायला नाही, पडूच नये म्हणून आहे. टेदर स्टॅटिक दोराचा असणार, त्यात लवचिकता जवळजवळ शून्य. दोन फूट ढील ठेवून पडलात तर तो झटका दोर खात नाही, तुमची कंबर खाते. म्हणून अँकर कायम छातीच्या वर, आणि दोर ताणात.

दुसरं प्रुसिकचं. टेदरच्या दोरावर जी गाठ सरकवता ती प्रुसिक असेल तर तिची बारीक दोरी आणि मुख्य दोर यांच्या जाडीत फरक हवा, 11 मिमी दोरावर 8 मिमीची दोरी तीन वेढे घेऊन धरते पण ओल्या, बर्फ धरलेल्या दोरावर ती सरकू शकते. प्रत्येक वेळी चढायच्या आधी जमिनीवर पूर्ण वजन टाकून झटका देऊन बघा. नवीन दोरी कडक असते, ती तर नक्की बघा.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. लटकलेल्या माणसाने न हलता लटकून राहू नये. मांडीचे पट्टे रक्त अडवतात, पाय जड होतात, मग चक्कर, आणि बेशुद्ध माणूस सरळ लटकत राहिला तर जिवावर बेततं. पाय ठेवायला काहीतरी हवंच. एक 120 सेंटिमीटरची शिवलेली स्लिंग, म्हणजे पट्टीचा बंद वेढा, खिशात ठेवा. खोडाभोवती घेऊन तिच्याच फासातून ओढली की खाली लोंबणारा भाग पायरी होतो, त्यात पाय घालून उभे राहिलात की टेदरवरचं वजन निघतं आणि गाठ सरकवता येते. दोन असतील तर उतरताही येतं, मांड्यांनी खोड आवळायची गरज नाही. काडेपेटीएवढी घडी होते.

नारळीपोफळी | 4 डिसेंबर, 13:30

कातळकडांशी सहमत. मी रत्नागिरीकडचा, आमची दोन एकर नारळाची बाग. पाइनबन यांनी तरफेचं लिहिलंय ते वाचून एकदम आमचं नारळावर चढायचं यंत्र डोळ्यासमोर आलं. केरळातल्या चेंबेरी गावच्या जोसेफ यांनी बनवलेलं मॉडेल, आता सगळीकडे मिळतं. त्यातही दोन भाग, डाव्या पायाचा एक आणि उजव्या पायाचा एक, प्रत्येकाची वायर खोडाला वेढा घालते, एक पाय आणि हात वर घ्यायचा, त्यावर उभं राहायचं, मग दुसरा.

आमच्याकडे चढणाऱ्या गड्याला पहिला धडा हाच असतो की वर गेल्यावर दोन्ही पायांवरचं वजन कधीच एकदम काढायचं नाही. वजन आहे तोवर वायर धरते. शहाळी तोडताना, म्हणजे कोवळ्या नारळाचा घड ओढताना, माणूस हाताने झाप धरून लोंबकळतो आणि पाय हलके होतात, तेव्हाच यंत्र सरकतं. तुमच्या सॅडलमध्ये तर हे मुद्दामच होतं, वजन दोरावर घेऊनच बसायचं. म्हणजे ज्यावर पकड अवलंबून तेच तुम्ही काढून घेता. त्यामुळे तो वेगळा पट्टा ऐच्छिक नाही, तो पाहिजेच.

अजून एक, नारळ बुंध्याला जाड आणि वर साधारण सारखा, म्हणून आम्ही बुंध्याचा फुगवटा संपला की एकदा वायर जुळवतो. तुमचं झाड वर बारीक होत जाणारं असेल तर मध्ये थांबून केबल एक भोक कमी करता येत नाही का? आणि पावसात आमच्याकडे चढत नाहीत, शेवाळलेल्या खोडावर तर नाहीच. काका म्हणायचे नारळ उद्या पण तिथेच आहे.

पानगळ | 4 डिसेंबर, 21:50

काय लिहिलंय सगळ्यांनी, दोनदा वाचलं. नारळीपोफळी, हे ‘पाय हलके झाले की सरकतं’ अगदी तेच, माझ्याच पायाने मी अनुभवलंय, पण शब्दांत तुम्ही मांडलंत.

केबल मध्ये कमी करता येते, पण वर लटकून एका हाताने पिन काढायची म्हणजे पिन हातातून पडायची भीती. मी पाइनबन म्हणतात तसं टोक वर ठेवून निघेन, आणि पिनला पण दोरा बांधेन.

कातळकडा, स्लिंग आज मागवल्या, दोन.

धनुर्धर | 5 डिसेंबर, 00:12

नमस्कार, मी नवीन, इलिनॉयमध्ये, अजून एकदाही गेलो नाही. तुमची सगळी चर्चा वाचून थोडी भीती वाटली आणि जायची इच्छा पण वाढली. एक बाळबोध प्रश्न, मी एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आहे. मला शिकार करता येते का? ऑफिसमधले म्हणतात बंदूक ठेवणं आपल्याला बेकायदेशीर आहे.

स्टिकवाला | 5 डिसेंबर, 08:05

@धनुर्धर, प्रश्न बाळबोध नाही, फार जणांना पडतो. फेडरल कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. तरी राज्याचे नियम वेगळे असतात म्हणून बंदुकीचा विषय असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय हात लावू नका, व्हिसाशी खेळ नको. धनुष्याला फेडरल कायदा बंदूक मानत नाही. म्हणूनच आपल्यातले बरेच जण धनुष्यापासून सुरुवात करतात.

आधी हंटर सेफ्टीचा कोर्स करा. मिशिगनमध्ये 1 जानेवारी 1960 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे, तुमच्या राज्याचं त्यांच्या साइटवर बघा. आणि पहिला सीझन जमिनीवर बसा, खुर्ची आणि आडोसा. झाडावर दुसऱ्या वर्षी.

सायली_दूरची | 5 डिसेंबर, 09:40

मी शाकाहारी आहे आणि मला हे वाचताना त्रास झाला हे प्रामाणिकपणे सांगते. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. तुम्ही हे का करता?

पानगळ | 5 डिसेंबर, 20:33

सायली, प्रश्न सरळ विचारलात म्हणून सरळ उत्तर देतो. भारतातला कायदा मलाही योग्य वाटतो, तिथे राहात असतो तर मी बुद्धपौर्णिमेला ताडोबाच्या मचाणावर प्राणी मोजायला बसलो असतो, शिकारीला नाही. इथली गोष्ट वेगळी आहे. इथे किती हरणं मारायची, कधी, कशाने, हे दरवर्षी राज्य ठरवतं, लायसन्सचे पैसे आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका, काडतुसं, धनुष्यबाण यांवर लागणारा कर हा वन्यजीवांच्या कामाला जातो. लांडगे लोअर मिशिगनमध्ये हरणं आवरतील एवढे नाहीत, आणि माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर गाडीला धडकून मेलेलं हरण आठवड्याला एक तरी दिसतं.

आणि मी मटण खातो. वर्षातून एक हरण, तेच आम्ही घरी सात-आठ महिने खातो, आईच्या कांदा-लसूण मसाल्यात, सावकाश शिजवून, कारण त्याला चरबी नसते आणि घाई केली की चामडं होतं. ते हरण मी स्वतः मारलं, स्वतः सोललं, त्यामुळे ताटात एक तुकडा टाकवत नाही. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही.

सायली_दूरची | 5 डिसेंबर, 21:15

पटलं असं नाही म्हणणार. पण उत्तराबद्दल धन्यवाद, आणि झाडावर काळजी घ्या.

पाइनबन | 6 डिसेंबर, 06:58

अजून दोन गोष्टी राहिल्या होत्या. एक, प्लॅटफॉर्म चढताना स्वतःच्या सॅडलला चार-पाच फुटांच्या दोरीने बांधून ठेवा. पाय पट्ट्यांतून निसटले तर तो खाली जाणार नाही. साधा क्लायंबर वापरताना वरचा आणि खालचा भाग एकमेकांना दोरीने बांधतात, त्याचंच हे रूप, फक्त वरच्या भागाच्या जागी तुम्ही आहात.

दोन, बाजूच्या दांड्या. क्लायंबरच्या प्लॅटफॉर्मला दोन्हीकडून खोडाकडे जाणाऱ्या दांड्या असतात, त्यामुळे छोट्या प्लॅटफॉर्मवर जसं झाडाभोवती फिरता येतं तसं यावर येत नाही. उजव्या हाताने ओढणाऱ्याला डावीकडचा बाण सोपा, उजव्या मागचा अवघड. म्हणून मी हरणांची पायवाट कुठे आहे ते बघूनच प्लॅटफॉर्म लावतो, ती डाव्या हाताला येईल असा. तुम्हाला वळायला लागलं कारण बहुधा वाट चुकीच्या बाजूला होती.

पानगळ | 6 डिसेंबर, 22:40

होती. अगदी तसंच. मी वाऱ्याकडे बघून झाड निवडलं, वाटेकडे बघितलंच नाही.

कातळकडा | 7 डिसेंबर, 11:02

पुन्हा झाडावर जाण्याआधी एक कराच. जमिनीपासून फूटभर उंचीवर सगळं लावा आणि मुद्दाम पाडा. आम्ही नवीन पोरांना असंच शिकवतो, दोन फुटांवर लटकवून स्वतःची सुटका करायला लावतो, हातमोजे घालून, आणि एकदा डोळे बांधून.

पानगळ | 14 डिसेंबर, 19:25

अपडेट देतोय. गेले दोन वीकेंड मागच्या अंगणातल्या मेपलवर घालवले, बायको मोबाइलवर व्हिडिओ काढत होती आणि शेजारी कुंपणापलीकडून चौकशी करत होते.

आधी पट्टा न लावता. खोडावर खडूने रेघ मारली, प्लॅटफॉर्म फूटभर उंचीवर, टेदर लावून 9 नोव्हेंबरसारखाच डावा पाय आत घेतला, वजन टेदरवर, उजवा उचलला. कोरड्या सालीवर पहिल्या दोनदा काही झालं नाही. मग खोडावर पाइपने पाणी मारलं. तिसऱ्यांदा डावा कोपरा रेघेच्या दोन इंच खाली गेला, चौथ्यांदा पूर्ण फिरून पडला. तोच ‘कट्’ आवाज. पोटात गोळा आला खरं सांगतो, फूटभरावर असूनसुद्धा.

मग कॅम पट्टा. पहिल्यांदा मी तो सरळ आडवा मारला, त्याने फरक पडला पण तरी अर्धा इंच सरकला. मग पाइनबनचं वाक्य परत वाचलं, खाली ओढणारा. प्लॅटफॉर्मच्या आतल्या पट्टीवरून घेऊन खोडामागे वीतभर खाली नेला आणि ओढला. दहा वेळा केलं, ओल्या खोडावर, कोपऱ्यावर उड्या मारून. खडूची रेघ आणि दात जिथे होते तिथेच.

स्लिंगची सुटका पण केली. पहिल्यांदा सात मिनिटं, कारण फास खोडावर सरकून खाली येत होता, तो वर ढकलून एका झटक्यात पाय टाकायचा असतो हे कळायला वेळ लागला. पाचव्यांदा दीड मिनिट, हातमोजे घालून. डोळे बांधून अजून नाही केलं, पुढच्या शनिवारी.

वजनाचा हिशोब पण केला, स्टिकवाल्यांसाठी. प्लॅटफॉर्म, पट्टा, दोर, स्लिंगा मिळून बारा पौंड भरले स्वयंपाकघरातल्या काट्यावर, दोन भागांत ठेवून. म्हणजे वजनात काही जिंकलो नाही, स्टिकवाला बरोबर होते. पायांसाठी मात्र मी हाच ठेवणार, पण फक्त कोरड्या रेड पाइनवर. अ‍ॅस्पेनवर परत नाही, ओल्यावर तर कुठल्याच झाडावर नाही.

स्टिकवाला | 14 डिसेंबर, 20:10

वजनाचं सोडा हो, व्हिडिओ टाका तो पट्ट्याचा. खाली ओढणारा म्हणजे नक्की कुठून कुठे ते लिहिण्यात नीट कळत नाहीये, आणि माझ्या छोट्या प्लॅटफॉर्मला पण हे करून बघायचंय, तो पण ओल्या मेपलवर कधीकधी कुरकुरतो.

पानगळ | 14 डिसेंबर, 20:31

उद्या उजेडात नवीन काढतो, यात मागे बायकोचा आवाज आहे, ती पूर्ण वेळ ‘आता पुरे, खाली ये’ म्हणतेय. आर्चरी सीझन 1 जानेवारीपर्यंत आहे, त्याआधी एक कोरडा दिवस मिळाला तर जाऊन येईन आणि इथेच लिहीन.